रंगाऱ्याकडे जाताना आधी पाणी विचारा

कच्छहून परतताना बहुतेकांच्या वहीत नैसर्गिक रंगाने कापड रंगवायची एक कृती असते. हिरडा इतका, तुरटी इतकी, इतका वेळ गरम. घरी येऊन तीच कृती कोकणातल्या एखाद्या विहिरीच्या पाण्यात केली की लालाचा विटकरी होतो, पिवळा राखाडीकडे झुकतो आणि बोल लागतो तुरटीच्या दुकानदाराला. कृती बहुधा बरोबरच असते. वहीत उतरवून घ्यायचं राहून जातं ते पाणी.

भूजजवळचं अजरखपूर हे गावच मुळात पाण्यामुळे वसलं. सिंधमधून आलेले खत्री रंगारी पिढ्यानपिढ्या धमडक्याला, सारण नदीच्या काठी अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, बनवायचे. नदी आटली, विहिरी आणि बोअर खोल गेले. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह इतकं वाढलं की रंग मळके येऊ लागले, आणि बऱ्याच कुटुंबांनी नवी जागा शोधून तिथे अजरखपूर वसवलं. काही कुटुंबं धमडक्यातच राहिली, आजही तिथे छापतात. गाव उठून दुसरीकडे जावं इतकं या धंद्यात पाण्याचं वजन आहे, आणि आपण मात्र नळ सोडून बादली भरतो.

लोह ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, हिरड्याची पूड पुरते. दोन काचेचे पेले घ्या. एकात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात तुमचं पाणी, दोन्ही २०० मिली. दोन्हींत अर्धा चमचा पूड ढवळा आणि १५ मिनिटं थांबा. डिस्टिल्ड पाणी फिकट पिवळं राहील. तुमचं पाणी करडं, जांभळट किंवा काळपट झालं तर त्यात लोह आहे, कारण हिरड्यातलं टॅनिन लोहाशी जुळलं की काळं होतं. जुनी शाई याच मेळावर बनायची. पाणी करडं न होता नुसतं गडद, तपकिरी-पिवळं झालं तर लोह नाही, पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. पेला स्टीलचा नको आणि चमचा गंजका तर मुळीच नको, नाहीतर चाचणी चमच्याचीच व्हायची.

जांभ्या दगडातून झिरपणारं कोकणातलं पाणी सहसा हलकं असतं, पण त्यात लोह येऊ शकतं. देशावरच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड: साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, किटलीत पांढरा थर बसतो. रंगाऱ्यासाठी ही दोन अगदी वेगळी संकटं आहेत. लोहाचं पाणी पिंपात उंचावरून ओतून हवा लागू द्यावी आणि रात्रभर उघडं ठेवावं. विरघळलेलं लोह तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं. सकाळी वरचं पाणी न हलवता दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावं आणि पेल्याची चाचणी पुन्हा करावी. एवढ्याने भागलं नाही तर पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवणं हाच उपाय. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र सोडून द्यावं, छपरावरची घाण त्यात येते.

जड पाणी हा दर वेळी दोष नसतो. अलिझरीन या रंगद्रव्याचा लाल अ‍ॅल्युमिनियम आणि कॅल्शियम या दोघांच्या संगतीत पक्का होतो, त्यामुळे अगदी हलक्या पाण्यात तो केशरी, पातळ येतो. तिथे कापडाच्या वजनाच्या १ ते २ टक्के चुनखडीची बारीक पूड रंगाच्या भांड्यात घालतात. फळ्यावरचा खडू घेऊ नका, तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो. रंग कापडाला धरवणाऱ्या तुरटीला मात्र जड पाणी बाधतं. त्यातला क्षार तुरटीचा काही भाग भांड्यातच पांढरा साका करून बसवतो आणि कापडाला कमी मिळते. म्हणून तुरटी पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात आणि लाल रंग बोअरच्या पाण्यात, अशी वाटणी केली तर खर्च वाचतो आणि रंगही चांगला येतो.

आता कापड. पुढची मापं १ किलो सुती कापडासाठी आहेत. वजन सुक्या कापडाचं, आणि तेही धुण्याआधी लिहून ठेवायचं. ओल्या कापडाचा अंदाज कुणालाच येत नाही.

नव्या कापडात खळ, मेण आणि तेल असतं. २० ते २५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून कापड तास-दीड तास उकळायचं. पाणी चहासारखं झालं तर ते ओतून पुन्हा उकळायचं. खादीला हे दोनदा लागतंच. नंतर वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच जिरला तर काम झालं. मोत्यासारखा बसून राहिला तर पुढचे चार दिवस वाया जाणार आहेत हे आजच कळलं म्हणायचं. रंगात जे ढगासारखे डाग दिसतात, त्यांतले निम्मे इथेच तयार होतात, आणि ते दिसतात मात्र शेवटच्या दिवशी.

कच्छमध्ये याच पायरीला ‘साज’ म्हणतात. उंटाच्या लेंड्या, सोडा आणि एरंडेल यांच्या मिश्रणात कापड भिजवायचं, रात्रभर दाबून ठेवायचं, वाळवायचं आणि पुन्हा भिजवायचं. चोळल्यावर फेस आला की तेल कापडात मुरलं असं समजतात. घरी हा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. अर्धवट धुतलेल्या एरंडेलाचा खवट वास महिनोन् महिने जात नाही, आणि एकरंगी कापडाला उकळणं पुरतं.

त्यानंतर हिरडा, कच्छीत ‘कसाणू’. १५० ते २०० ग्रॅम पूड गरम पाण्यात तासभर भिजवायची, गाळायची, पाणी १५ लिटर करायचं आणि ओलं कापड त्यात निदान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवायचं. पूड न गाळता घातली तर जिथे कण बसतो तिथे पिवळी टिकली उमटते. हिरडा आपल्या घरचाच आहे: जुन्नर, आंबेगावच्या डोंगरांत तो गोळा होतो. पण तिथे जास्त करून मिळतो बाळहिरडा, म्हणजे कोवळं वाळवलेलं फळ, आणि त्याला भाव औषधाचा. रंगाला पिकलेल्या मोठ्या फळाची साल चालते. आठळी काढून टाकायची, ती दळून नुसतं वजन वाढतं. विकत घेताना पूड न घेता अख्खा हिरडा घेतलेला बरा. पुडीत काय काय दळलंय ते कळत नाही.

हिरड्यातून काढलेलं कापड धुवायचं नाही. पिळायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. वाळताना पाणी वरच्या बाजूला येतं आणि टॅनिनही बरोबर आणतं, म्हणून उन्हाकडची बाजू जास्त पिवळी होते. छपाईला हे सोयीचं असतं, ठसा त्याच बाजूला मारतात. एकरंगी कापडाला तेच अडचणीचं, तिथे दर दहा मिनिटांनी उलटत राहायला हवं. दोरीवर टाकलं तर दोरीच्या जागी आडवी रेघ येते, लोखंडी तारेवर टाकलं तर काळी. ती काळी रेघ निघत नाही.

तुरटी १५० ग्रॅम, धुण्याचा सोडा २० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत गरम पाण्यात विरघळवायचे आणि सोड्याचं पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी हळू ओतायचं. फसफसून वर येतं, म्हणून भांडं निम्मं रिकामं हवं. फेस बसल्यावर पाणी जवळजवळ नितळ दिसलं पाहिजे. दह्यासारखे पांढरे कण तरंगत राहिले तर सोडा जास्त झाला. ते कण कापडावर बसतात, रंग धरतात आणि पहिल्या धुण्यात रंगासकट निघून जातात. पाणी ४५ ते ५० अंशांवर असताना कापड घालायचं आणि रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वाळवून, जमलं तर दोन-तीन दिवस तसंच ठेवून, मग रंगवण्याआधी एकदा नीट खळबळून घ्यायचं. ही खळबळ टाळली तर सुटी तुरटी रंगाच्या भांड्यात उतरते आणि रंग कापडाआधी तिलाच धरतो. तळाशी सुंदर लाल गाळ आणि हातात गुलाबी कापड मिळतं.

लालासाठी मंजिष्ठेची मुळी, ५०० ग्रॅमपासून १ किलोपर्यंत, म्हणजे कापडाच्या वजनाइतकीसुद्धा लागते. आदल्या रात्री भिजवायची, कापड घालून मंद आचेवर तासाभरात ६५ अंशांपर्यंत न्यायची, तासभर तिथेच राखायची आणि कापड भांड्यातच निवू द्यायचं. घाईने खळखळून उकळलं की रंग तपकिरीकडे जातो. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: वाफ येतेय, बोट टेकवत नाही, पण तळाचा बुडबुडा अजून सुटलेला नाही.

काळ्यासाठी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. हिरडा दिलेल्या कापडाला त्याच्या वजनाच्या २ टक्के पुरतं, ४ च्या वर जाऊ नये. जास्त लोहाने सुती धागा कुजतो. जुन्या छापील कापडात काळी फुलं तेवढी गळून भोकं पडलेली दिसतात, ती याच कारणाने. हिराकशीचं भांडं, काठी, हातमोजे सगळं वेगळं ठेवायचं आणि तुरटीच्या कामाच्या दिवशी ते बाहेर काढायचंच नाही. कच्छचे छापणारे हिराकस न घेता ‘कट’ बनवतात. भंगार लोखंड, गूळ आणि पाणी पिंपात आंबवत ठेवायचं, उन्हाळ्यात आठवडाभर, थंडीत पंधरा-वीस दिवस. वर फेसाळ थर येतो, वास आंबट होतो. त्या पाण्यात चिंचोक्याचं पीठ शिजवलं की छापायला दाट खळ तयार.

या चिंचोक्यापाशी थोडं थांबायला हवं. घोंगडी विणणारे आपल्याकडचे सणगर लोकरीच्या ताण्याला हीच खळ देतात: चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. कच्छमध्ये ती लोखंडाचं पाणी ठशावर धरून ठेवते, माणदेशात तीच लोकरीचा धागा फण्यात तुटू देत नाही. सणगराच्या मागावर एक गोष्ट बघून घ्यावी, टरफल किती काटेकोरपणे काढतात ती. चिंचोक्याच्या तपकिरी टरफलातही टॅनिन असतं. काळ्याच्या खळीत थोडं राहिलं तर चालतं, तुरटीच्या खळीत राहिलं तर लाल मळतो. बाजारात आता गवारगम तयार मिळतो आणि बरेचजण तोच वापरतात. त्यात काही वावगं नाही, फक्त थोडा थोडा भुरभुरत सतत ढवळावं, नाहीतर गाठी होतात.

मग कारागिराकडे जायचं ते कधी आणि काय बघायला? मुंबईहून भूजला रात्रभराची रेल्वे आहे. पावसाळ्यात जाऊ नये: कापड वाळत नाही, हवा दमट असली की ठसा फाकतो आणि बरंच छापकाम थंडावलेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी लवकर पोचलं तर धुलाई आणि वाळवण दिसतं, उशिरा गेलं तर नुसतं दुकान. अजरखपूरला एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) हे कच्छच्या हस्तकलांचं संग्रहालय आहे, ते कार्यशाळांच्या आधी बघावं. कोणतं काम कुठल्या समाजाचं हे कळलं की पुढचे प्रश्न शहाणे होतात. भुजोडीचे विणकर जवळच आहेत. रंगाऱ्याकडे कापड येतं कुठून हे तिथे कळतं, आणि कच्छच्या देशी ‘काला’ कापसाचं जाडंभरडं सूत रंग वेगळा का पितो हेही.

महाराष्ट्रातच पाहायचं तर वर्ध्याचं मगन संग्रहालय. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं, आणि आजही तिथे खादीचं आणि नैसर्गिक रंगांचं काम चालतं. खादीच्या सुताला पीळ सारखा नसतो म्हणून एकाच तुकड्यात रंगाच्या दोन छटा येतात. तो दोष समजून पुन्हा रंगवत बसू नये.

कार्यशाळेत गेल्यावर भांड्यापेक्षा गटाराकडे आधी बघा. धुतलेलं पाणी कुठे जातं, किती जातं, वाहत्या पाण्यात धुतात की टाकीत, हे बघितलं की अर्धी कृती समजते. छापलेलं कापड रंगवण्याआधी धुताना सुटी तुरटी आणि लोह झटकन वाहून जावं लागतं. साठलेल्या बादलीत ते परत पांढऱ्या जागेवर बसतं आणि रंगवल्यावर तिथे गुलाबी, करडी झाक येते. नदीचं काम हेच होतं. घरी करायचं तर एका मोठ्या बादलीपेक्षा चार लहान बादल्या ओळीने ठेवाव्यात आणि कापड प्रत्येकीत अर्धा मिनिट, न थांबता हलवत न्यावं. अलिझरीन उकळताना काही ठिकाणी धायटीची फुलं टाकतात, तीही पांढरं स्वच्छ राहावं म्हणूनच.

प्रश्न विचारतानाही क्रम असतो. ‘भाई, पाणी कुठलं? बोअरचं? किती खोल?’ या प्रश्नावर रंगारी मोकळा होतो. ‘रेसिपी द्या’ म्हटलं की उत्तरं तुटक येतात, आणि ते बरोबरच आहे. नवे ठसे, अर्धवट छापलेलं कापड यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. जमिनीवर वाळणारं कापड ओलांडायचं नाही. ओल्या तुकड्याला हात लावायचा नाही: आपल्या हाताला लागलेलं लोह किंवा घाम त्यावर उमटतो आणि ते कळतं आपण गेल्यानंतर. आणखी एक. ‘हे नैसर्गिकच ना?’ असं दरडावून विचारू नका. अलिझरीन प्रयोगशाळेत १८६८ मध्ये तयार झालं, कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे, आणि आज अनेक कार्यशाळांत हिरडा झाडाचा, अलिझरीन कारखान्याचं असा मेळ असतो. काय कशाचं हे सरळ विचारलं तर सरळ सांगतात. फसवतात ते बहुतेक मधले विकणारे.

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच. आपल्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, हिरड्याची पूड, आणि घरी उकळलेल्या कापडाचे १० सेंमीचे वीसेक तुकडे. त्यांतले पाच नुसते, पाच हिरडा दिलेले, पाच हिरडा आणि तुरटी दिलेले, बाकीचे सुटे. रंगाऱ्याने परवानगी दिली तर दोन तुकडे त्याच्या भांड्यात पडतात. तेच घरच्या पाण्यात रंगवलेल्या तुकड्याशेजारी ठेवले की पाण्याने काय केलं ते दिसतं. तुकड्यावर पेनने लिहिलेलं टिकत नाही. कडेला कात्रीने खाचा मारा: एक खाच नुसतं, दोन हिरडा, तीन तुरटीही. उकळलं तरी खाचा राहतात, फक्त कात्री झिगझॅग नको.

राहिली नीळ, आणि प्रवास म्हटला की जीव अडकतो तो तिच्यातच. घरगुती भांड्याला १-२-३ चं माप सोपं: १ भाग नीळ, २ भाग चुना, ३ भाग फळसाखर (फ्रुक्टोज). २० लिटरला १०० ग्रॅम नीळ, २०० ग्रॅम कोरडा विरलेला चुना, ३०० ग्रॅम फ्रुक्टोज. खायचा ओला चुना घेतला तर त्यात जवळपास निम्मं पाणी असतं, वजन दुप्पट धरा. कळीचा चुना घरी विरवू नका, तो उकळून अंगावर उडतो. फ्रुक्टोजऐवजी गूळही चालतो, पण सावकाश, आणि थोडा जास्त लागतो. निळीची पूड गरम पाण्यात गोट्यांबरोबर बरणीत दहा मिनिटं हलवून घ्यावी. गुठळ्या राहिल्या तर त्या तळाशी जाऊन फुकट जातात. पाणी ५० ते ६० अंश, आधी साखर, मग नीळ, शेवटी चुना, हळूच ढवळून झाकण. दर अर्ध्या तासाने एकदा, हवा न घालता, ढवळायचं.

काही तासांत वर तांब्यासारखी चकाकणारी साय येते, ती बाजूला केली की खाली पाणी पिवळट, मधासारखं दिसतं. हे दिसलं की भांडं तयार. पाणी निळंच राहिलं तर साखर कमी पडली किंवा भांडं गार पडलं. आधी ऊब द्या, मग दोन चमचे गूळ. पाणी पिवळट असूनही कापडावर रंग फिका, करडा बसत असेल तर चुना संपलाय. पीएच पट्टीवर ११ च्या खाली उतरलेला दिसेल. दोन्ही एकदम घालू नका, कशाने सुधारलं ते कळत नाही. कापड बुडवण्याआधी गाळ तासभर बसू द्यावा आणि तळाच्या वर बांबूची टोपली किंवा जाळी ठेवावी. गाळाला टेकलेल्या कापडावर चुन्याचे पांढरट डाग पडतात. ओलं कापड पाच ते दहा मिनिटं आत, पंधरा मिनिटं हवेत, असं चार-पाच वेळा. एकाच बुडीत गडद करायला गेलं की नीळ वरवर बसते आणि पुढे सदऱ्याच्या कॉलरला, मानेला लागत राहते. शेवटी बादलीभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून त्यात कापड बुडवायचं, चुना उतरतो, मग साबणाने धुवायचं.

पंधरा दिवस बाहेर जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी भांड्याला एक मूठ गूळ आणि १०-१५ ग्रॅम चुना द्यावा, तळापासून एकदा ढवळावं, प्लास्टिक पाण्याला चिकटेल असं पसरून वर झाकण ठेवावं. परतल्यावर साय मेलेली, पाणी निळसर-हिरवं दिसेल. घाबरायचं नाही आणि लगेच चुनाही ओतायचा नाही. भांडं दुसऱ्या मोठ्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ४५ ते ५० अंशांवर न्यायचं, दोन चमचे गूळ, एकदा ढवळणं, झाकण. चार तासांनी पीएच बघायचा, कमी असेल तरच चुना. त्या दिवशी काही बुडवायचं नाही. प्रवासातून आणलेले खाचांचे तुकडे त्या संध्याकाळी वहीत टाचून घ्यावेत, प्रत्येकाशेजारी पाणी कुठलं ते लिहून, आणि सकाळी साय तांब्याची झाली असेल तर पहिली बुडी एका सुट्या तुकड्याची घ्यावी.